उत्तरेची भिंत

आधी डबा ढवळ, एस्किल. तळापासून.
रंग खाली बसलेला असतो, वर नुसतं तेल.
ट्रॉम्सोच्या शाळेत हे शिकवत नसतील.

उन्हात लावायचं नाही. फळीवर हात ठेवून बघ,
चटका बसला तर दुसऱ्या बाजूला जायचं.
जूनमध्ये इथे सूर्य मावळत नाही,
घराभोवती फेऱ्या मारत राहतो
वसुलीला आलेल्या माणसासारखा,
आणि आपण सावली धरून त्याला चुकवायचं.
म्हणून ही उत्तरेची भिंत भरदुपारी.
दक्षिणेची रात्री बारा वाजता,
शेजारी होकॉन घोरत असताना.

एक फळी धरली की टोकापर्यंत.
मध्ये थांबायचं नाही, शिंक आली तरी.
थांबलास की ओली कड सुकते,
पुढचा हात तिच्यावर चढतो,
ती रेघ मग जात नाही.
रंग झाकतो. हा रंग नव्हे, स्टेन.
हा लाकडात मुरतो, आणि गाठी, भेगा,
खिळ्यांचे काळे ओघळ,
सगळं उलट नीट दिसायला लागतं.

ती बघ. खिडकीखालची सातवी.
अर्धी गडद, अर्धी फिकी.
ती माझी.
एकोणीस वर्षांपूर्वी इथेच
तुझा मामा काहीतरी बोलला.
काय, ते आता आठवत नाही.
आठवतं. पण तुला कशाला.
मी कुंचला गवतात टाकला
आणि दोनच्या बोटीने गेले.
अकरा दिवस.
परतले तर सगळं घर झालेलं,
चारी भिंती, वळचणीच्या पट्ट्यासुद्धा,
फक्त माझी अर्धी फळी कोरडी.
म्हणाला, तुझी आहे, तू संपव.
संपवली. तोच डबा, तोच कुंचला.
जुळलं नाही.
नंतर तीनदा सगळ्या घराला हात दिला.
दरवेळी वाटतं जुळलं,
आणि भिंत भिजली की पुन्हा वर येते.

आत बसलाय बघ, गुडघे घेऊन.
काचेवर टकटक करतोय,
पश्चिमेला ढग आलाय म्हणे.
गेली चाळीस वर्षं पश्चिमेला ढग आहे.
तू तुझं चालू ठेव.
सहावी झाली की आठवी घे.
सातवीला मी येते.

आणि अरे, चिंध्यांचा असा बोळा करू नकोस!
तेल आतल्या आत तापतं,
काडी न लावता पेटतं.
सोलबर्गांचं बोटघर असंच गेलं.
एकेक सोडव. त्या खडकावर पसर.
हां. मोकळ्या राहू देत.
वर एक दगड ठेव,
वारा सुटतोय.