बेसकोनाक

अल्माटीत चौथ्या मजल्यावर आम्ही देशाच्या वड्या पाडतो.
एकेक वडी पंचवीस किलोमीटरची,
कॅस्पियनच्या काठापासून अल्ताईच्या पायथ्यापर्यंत
चार हजारांवर वड्या,
प्रत्येकीत एकच तापमान, एकच वारा, बर्फाची एकच जाडी.
इतक्या मोठ्या, की त्यांत माणूस मावत नाही.

कझिलतालचं स्टेशन अशाच एका वडीत हरवलंय.
त्याच्या वह्या मागच्या आठवड्यात खोक्यातून आल्या,
रॉकेलचा वास अजून गेलेला नाही.
दर तीन तासांनी एक आकडा, निळ्या शाईत,
शाई गोठली त्या दिवशी पेन्सिलीत.

मी टंकत जातो, प्रोग्रॅम हवालदारासारखा दारात उभा:
सत्त्याऐंशी साल, सोळा एप्रिल,
दुपारी तीन, अधिक अकरा.
सहा, अधिक दोन.
रात्री नऊ, उणे सात.
बारा, उणे तेरा.
पहाटे तीन, कोरं.
सहा, उणे सोळा.
संशयास्पद, म्हणतो तो. वगळावं का?

उल्झान आपाय आता कोस्तनायला लेकीकडे असतात,
कानांनी जड झाल्यात.
मी ओरडून विचारलं, त्या दिवशी थर्मामीटर बदलला होता का?
पेटी हलवली होती का कुणी?
"पेटी जागेवरच होती.
बेसकोनाक होता तो, पोरा. शाळेत शिकवत नाहीत?"

शिकवत नाहीत. मेंढ्या राखणाऱ्या मामानं सांगितलं होतं:
पाच पाहुणे एप्रिलचं ऊन बघून निघाले,
अंगात पातळ कोट,
यजमान थांबा म्हणाला, थांबले नाहीत,
आणि माळावर पाचही गोठले.
तेव्हापासून दर साली त्याच सुमाराला
पाच दिवस ते परत येतात.
कुणी कळप लांब नेत नाही तेव्हा.
छापील कॅलेंडरात नसलेली, पण न चुकणारी तिथी.

"आणि पहाटे तीनचा आकडा?"
बराच वेळ फोनमध्ये नुसता टीव्ही ऐकू आला.
"कंदील एकच होता," त्या म्हणाल्या.
"सहाला परत आले. तेव्हाचं लिहिलंय की."

मी वही पुन्हा उघडली.
सोळा एप्रिलपर्यंत दोन हस्ताक्षरं,
दिवसाचं टपोरं, रात्रीचं तिरकं.
सतरापासून रात्रीही टपोऱ्या.

रिकामी जागा भरायची आमच्याकडे रीत आहे.
शेजारची तीन स्टेशनं घ्यायची, अंतराचा हिशेब लावायचा:
उणे चौदा पूर्णांक सहा.
कुणी चूक काढू शकणार नाही असा आकडा.

सोमवारी मंत्रालयात सांगायचंय ते असं:
हिवाळे आखडतायत.
बर्फ लवकर सुटतं, जमीन आतून दगडच असते,
मुरायला जागा नाही म्हणून पाणी घरात शिरतं.
ज्याच्यापुढे आम्ही 'शंभर वर्षांतून एकदा' लिहिलं
तो पूर माझ्या लेकीनं दोनदा पाहिलाय. ती सात वर्षांची आहे.
आणि एप्रिलचे ते पाच दिवस
आलेखात सपाट होत चाललेत.

पाहुणे यायचे थांबलेले नाहीत.
मार्चमध्ये येतात, मे सरताना येतात, एकदा ऑक्टोबरात,
कधी गारठा होऊन, कधी गुडघाभर गढूळ पाणी होऊन.
ज्यांना तिथी होती ते अतिथी झालेत.
किती येतील ते मॉडेल सांगतं.
कोणत्या रात्री, ते त्याला विचारू नये.

फोन ठेवण्याआधी उल्झान आपायनी विचारलं,
"तिकडे आत्ता किती आहे?"
मी पडद्याकडे बघितलं.
"आत्ता म्हणतेय मी. बाहेर."
उठलो, खिडकी उघडली. तिथे थर्मामीटर नव्हता.
हात बाहेर धरला थोडा वेळ.
"गार आहे," म्हणालो.

"आकडा सांग," त्या म्हणाल्या.