अठ्ठावीस दिवस

फोनवरच्या पोराचं नाव गॅरेथ.
आधी चाळीस मिनिटं तेच ते व्हायोलिन,
मग हा. नाकात सर्दी, बोलण्यात वेल्सचा हेल.
मिसेस बेरिल अ‍ॅपलयार्ड यांच्या तुम्ही कोण?
भाची, म्हणते मी. माझी सही चालते, तुमच्याकडे नोंद आहे.

थांबा, बघतो.
मी तिच्याच स्वयंपाकघरात उभी.
ओट्यावर तिच्या चाव्या, दातांची रिकामी डबी,
खिडकीबाहेर हल शहरातला
धड पाऊस नाही, धड धुकं नाही असा सोमवार.

संस्थेत गेल्यावर भत्ता अठ्ठावीस दिवस, गॅरेथ सांगतो.
पुढे बंद, कारण खर्च आता कौन्सिलचा.
आणि हो, इस्पितळातले अकरा दिवसही त्यातच धरायचे.
म्हणजे राहिले सतरा.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवत जाते.
आज एकोणीसावा.
दोन दिवसांचं जास्तीचं गेलंय, तो म्हणतो,
ते आम्ही परत घेऊ. घाबरू नका.
घाबरले नाही रे बाबा. मोजतेय.

तीन वर्षांपूर्वी याच टेबलावर फॉर्म भरला होता.
रात्री किती वेळा उठावं लागतं?
दर वेळी किती मिनिटं?
मावशी म्हणाली, लिही, जमतं मला.
कपडे घालताना मदत? जमतं मला.
चौतीस वर्षं गोदीवर बर्फाच्या पाण्यात हात घालून
हॅडॉक चिरलेली बाई,
अंगठा आता तळहाताकडे वळलेला,
कपाचा कान धरता येत नाही म्हणून
दोन्ही हातांच्या ओंजळीत चहा पिते आणि म्हणते,
असाच गरम लागतो.

मी तिच्या पाठीमागे लिहिलं सगळं.
गॅस. आंघोळीचा टब. ब्लाउजची बटणं.
मार्चमधली ती रात्र, न्हाणीघराच्या फरशीवर,
अंगावर टॉवेल ओढून उजाडेपर्यंत.
जागा पुरेना, पुरवणी जोडली.
माझ्या माणसाचं सगळं उणं, निळ्या शाईत,
जितकं जास्त तितकं बरं.
सही घेताना वरची पानं झाकली.
तिनं एवढंच विचारलं, खोटं नाही ना काही?
नाही.
मग वाचायचं कशाला, म्हणाली, आणि केली सही,
सावकाश, जीभ दातांत धरून.

त्या पैशांत संध्याकाळची लोर्ना येत होती,
गुरुवारी केस बसवून घ्यायला टॅक्सी,
आणि उरलेलं टॉफीच्या डब्यात,
वर चिकटपट्टीवर लिहिलेलं: माझ्या पेटीसाठी, हात लावू नये.

पत्र माझ्या पत्त्यावर यायचं होतं.
गेलं संस्थेत.
पुढच्या मंगळवारी मी पोचले तर मावशी दाराशी खुर्चीत,
अंगावर कोट, मांडीवर पर्स, पर्सवर भिंग.
बघ, म्हणाली, सरकारनं लिहून दिलंय.
काळजीसाठी दिला जाणारा भत्ता
अमुक तारखेपासून थांबवण्यात येत आहे.
म्हणजे काय? म्हणजे काळजीची गरज नाही.
सुधारले मी.
मी तुला म्हणतच होते.

समोरच्या म्हाताऱ्यालाही दाखवून झालं होतं.
त्यानं टाळ्या वाजवल्या होत्या म्हणे.

मी तेंदाईकडे पाहिलं.
ती म्हणाली, कोट त्यांनी स्वतः घातला.
हात लावू दिला नाही.
किती मिनिटं लागली?
तोंडून निघून गेलं माझ्या, फॉर्ममधलं.
पन्नास, ती म्हणाली.

सगळी बटणं लागलेली. एका घराने चुकलेली,
वरपासून खालपर्यंत, तितक्याच काटेकोरपणे.

समजावून सांगायला शब्द होते माझ्याकडे.
कौन्सिल, सतरा, परतफेड.
गॅरेथनं नीट सांगितलं होतं, बिचाऱ्यानं.

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली.
टॅक्सी कधी येते? तिनं विचारलं.
गुरुवारी.
आज काय?
मंगळवार.
मग बसू की, म्हणाली,
आणि पत्राची घडी घालू लागली,
आधी अंगठ्यानं,
मग दातांनी.