वर्णनाप्रमाणे नाही

लारी म्हणजे नाणंच, पण गोल नाही.
चांदीची तार, बोटभर, मधोमध दुमडलेली,
केसांत खोचायच्या आकड्यासारखी,
आणि ठोकून सपाट केलेल्या जागी
अर्धवट फारसी अक्षरं.
कधीकाळी होर्मुझपासून आमच्या खाडीपर्यंत
हिच्यावर घोडे विकले जायचे.

लिलावाच्या पानावर लिहिलं होतं:
टाकसाळ दाभोळ. आदिलशाही. दुर्मिळ. अस्सल.
दाभोळ वाचलं आणि बोट थांबलं नाही.
रुवीतल्या खोलीत, वरच्या बंकवर,
अकरा अठ्ठावन्नला शेवटची बोली माझी.
बासष्ट रियाल.
खालून परकार म्हणाला,
एवढ्यात पडवीवर नवे पत्रे आले असते.

पाकीट अजमानहून आलं, तिसऱ्या आठवड्यात.
आवडली, हे कबूल करतो.
दोन दिवस खिशात घेऊन फिरलो,
बसमध्ये अक्षरं चाचपत राहिलो,
जणू अंगठ्याला फारसी येते.

मत्रहच्या बाजारात जव्वादभाई लवातींनी
भिंग घेतलंच नाही.
तळहातावर घासली, नाकाशी नेली.
"चांदीला वास नसतो, भाई.
हिला किल्लीचा वास येतोय."
मग चहा मागवला, दोन,
म्हणजे आता याहून वाईट बोलणार.
"ठोकलेली नाही, ओतलेली आहे.
कडा बघ, वापरलेल्या साबणासारख्या."

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करतो.
समुद्र गोडा होऊन येतो, तेव्हा
त्यात काय उरलंय ते रात्रपाळीत मोजतो.
त्या रात्री बाटल्यांच्या रांगेत तिलाही ठेवली.
हवेत चार पूर्णांक एकाहत्तर ग्रॅम.
वजन बरोबर; खोटं करणाऱ्यानं अभ्यास केला होता.
मग दोऱ्याने टांगून पाण्यात.
पाणी कुणाची भीड ठेवत नाही.
घनता आठ पूर्णांक बहात्तर.
चांदी असती तर दहाच्या पुढे गेली असती.

तक्रारीच्या फॉर्मवर कारण निवडायचं असतं.
वस्तू मिळाली नाही.
वस्तू फुटलेली आली.
वस्तू वर्णनाप्रमाणे नाही.
तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

चिपळूणच्या एजंटने सांगितलं होतं
केमिस्ट, वेगळी खोली, खिडकीतून समुद्र.
माझ्या कार्डावर आजही अरबीत प्लंबर आहे.
तपासणीवाले आले की पाना घेऊन उभा राहतो.
सात वर्षं झाली, तो पाना एकदाही फिरलेला नाही.
आणि गावात मीच सांगितलंय, साहेब आहे.
त्या तक्रारीची मुदत किती दिवसांची होती कोण जाणे.
इथे तीस होती. सत्ताविसावा चालू होता.

विक्रेत्याचं पहिलं उत्तर ताठ होतं:
फोटोत दिसतं तेच पाठवलं,
घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत.
मी घनता पाठवली, सगळ्या आकडेमोडीसकट.
दोन दिवस काही नाही.
मग पहाटे साडेतीनला:
मलाही दाभोळची म्हणूनच दिली होती, साहेब.
मी गाड्या भाड्याने देणाऱ्या दुकानात पावत्या फाडतो.
अर्धे घ्या, नाणं ठेवा,
फक्त माझे स्टार कमी करू नका.

परकार म्हणाला, सगळे वसूल कर, परत पाठव.
जव्वादभाई दुकानाचं शटर ओढता ओढता म्हणाले,
"परत गेली की पुन्हा दुर्मिळ होईल."

एकतीस रियाल आले. तारीख उलटून गेली.
ती आता चष्म्याच्या डबीत असते,
वास अजून येतो.

परवा सुपरवायझर कुरियाकोसने
नोंदवहीत बोट ठेवून विचारलं,
हा चारशे सतरा कुठल्या टाकीचा?
त्या रात्री हाताने सवयीने रकाने भरले होते.
वजन. तापमान. घनता.
स्रोत: दाभोळ.
चुकून झालं म्हणालो. खोड म्हणाला.
मी पेन उघडलं,
आकड्यांवर एक सरळ रेघ मारली, बाजूला सही केली,
स्रोत तेवढा राहू दिला.