चिन्नोर

हेडाऊच्या ढाब्यावरची पाटी दोन ओळींची:
सुंडरी, खूर, चिकन, अंडा.
उधार मागून तोंड कडू करू नये.
खाली कुणीतरी कोळशानं लिहिलंय,
गोड तरी कुठं आहे.

तिथं मी तेवीस वर्षं बसतोय.
खांबावरून उतरलो की हातांना तारेचा वास
अन् समोर एक बाटली,
घामानं लेबल सुटून बोटाला चिकटलेलं.
चव म्हणाल तर थंड.
थंड हीच चव. बाकी कधी विचारलं नाही.

यंदा मार्चात प्रणोती आली.
पुण्याला ती बियर बनवते.
गावात आम्ही सांगतो, फूड कंपनीत आहे.
हे काही खोटं नाही, असं तिची आई म्हणते,
देवाकडं पाठ करून म्हणते.

बॅगेत सहा बाटल्या,
जुन्या साडीच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या,
आपण लोणच्याची बरणी पाठवतो तशा.
"बाबा, हेडाऊकडे जाऊ ना."
मी म्हटलं, अवं, तिथं बाया नाही येत.
"मंग आजपासून एक येते."

डोमानं लगबगीनं फॅमिलीचा पडदा ओढला.
पडद्यावर मोर, मोराच्या पोटाला बिडीचं भोक.
तिनं तो परत सारला.
रस्त्यानं तणसाचा ट्रॅक्टर गेला,
ड्रायव्हरनं मान वळते तेवढी वळवली.
मी पाण्याचा जग उगाच इकडचा तिकडं केला.

सुंडरी आली. वर बोटभर तर्री,
इतकी लाल की तिच्यात ट्यूबलाइट दिसत होती.
तिनं चमच्यानं झाकण उडवलं,
ग्लास तिरपा धरून, वाट पाहत पाहत ओतली,
जसा मी फ्यूज बसवतो,
घाई केली तर हात जातो.
रंग तणसाचा. वर फेस.
"आधी वास घ्या."
आता बियरचा वास कोण घेतो!
बियर आपण प्यायची, वास बायको घेते.

तरी नाक नेलं.
अन् थांबलो.
उकळत्या गंजावरचं झाकण
कुणीतरी माझ्यासमोर उचललं होतं.
"चिन्नोर?"
"तुम्ही पाठवलेलं पोतं. निम्मं."

ते पोतं मी दिवाळीत एस.टी.च्या टपावर
स्वतः चढून बांधलं होतं.
पोरगी एकटी राहते, निदान भात तरी घरचा जेवो.
तिच्या आईनं आत कडुनिंबाचा पाला घातला होता.
राग आला. खोटं कशाला बोलू.
अन्न होतं ते. सडवलं काहून?

"सडवलं नाही बाबा. आंबवलं."
मग ताटातला तुकडा तोडत, खाली बघत,
"निम्मं जेवले. शपथ."

प्यालो.
आधी भात, मग चिंचेच्या कोवळ्या पाल्याइतकं आंबट,
शेवटी कडू,
पण कुणावर न रागावलेलं कडू.
पेटलेल्या जिभेवरून ती अशी गेली
जशी पाट फोडल्यावर
तडकलेल्या बांधीत पाण्याची पहिली रेघ.

हेडाऊ गल्ला सोडून आला.
घोट तोंडात फिरवला, छताकडं पाहिलं.
"चढते का वं?"
"हळू."
"मंग धंद्याची नाही," म्हणाला
अन् ग्लास परत पुढं केला.

दुसरी बाटली मोहफुलाची होती.
तिच्यावर तो काहीच बोलला नाही.
डोमाला म्हणाला, खूर आण.
बिलात नको धरू.

रात्री स्कूटर ढकलत निघालो,
तिच्या हाती हँडल, मी मागून.
घर अडीच किलोमीटर, सगळं तारांखालून.
हे खांब मला नंबरानं ओळखू येतात.
एकशे चौदाजवळ मला मोठा ढेकर आला
अन् ती इतकी हसली की स्कूटर कलंडली,
डिक्कीतल्या रिकाम्या बाटल्या खणखणल्या.
"आईला काय सांगायचं?"
"फूड कंपनीत तू आहेस. तूच सांग."

दार उघडून तिच्या आईनं
नेहमीसारखं नाक पुढं केलं.
कपाळाला आठी घालायची मात्र विसरली.
म्हणाली, कोणाच्या घरी शिजला
इतक्या रात्री चिन्नोर?