अक्षरामागे दहा पैसे

पोर्तुगीज गेल्यावर मडगावच्या नगरपालिकेने
सगुण पेंटरला बोलावलं.
जुन्या नावांवर सफेता मारायचा,
वर नवी लिहायची, देवनागरीत.
अक्षरामागे दहा पैसे.

रुआ गेली, मार्ग आला.
सगुण खूष. त्यांचा सेनापती
तीन शब्दांत आटपायचा,
आपल्या माणसांना पदव्या फार.
जोडाक्षर एक धरायचं की दोन
यावर कारकुनाशी आठवडाभर वाद,
शेवटी दीड ठरलं.

चार पावसाळे झाले की सफेता पोपडायचा,
खालचा सेनापती नाक बाहेर काढायचा.
पुन्हा सगुण, पुन्हा शिडी.
मग त्याचा मुलगा.
मग फ्लेक्स.

परवा कुरियरवाल्या पोराला फोनवर
मी मार्गाचं पूर्ण नाव सांगितलं, पदवीसकट.
हुबळीचा पोर, येऊन दोन महिने झालेले.
जरा गप्प राहिला, मग म्हणाला,
बाय, चिंचेकडे म्हणा ना.

चिंच तोडली तेव्हा माझी आई
दुसरीत होती.
तिच्यावर पाटी कधीच नव्हती,
सगुणला तिचा एक पैसा मिळाला नाही.

पोर नसलेल्या चिंचेकडून डावीकडे वळला
आणि थेट दारात आला.