गासडीवरची खूण

डिसेंबरात डंडीला उजाडतं साडेआठला.
तोवर इशबेल मकॅलमनने
जेलवरून तिसरी पट्टी उतरवलेली असते.
पट्टीवर शिडी: एक पायरी, दोन, तीन,
आणि वरती नुसता काळा फराटा,
ओली शाई कुणी बाहीने पुसावी तसा.
हे युबिक्विटिन.
शहात्तर मण्यांचं एवढंसं प्रथिन,
यीस्टमध्ये आणि माणसात जवळजवळ तेच.
दुसऱ्याच्या पाठीला चिकटतं
आणि सांगतं, याचं पुढे काय करायचं.

तिचे वडील अकरा वर्षं हेच करत होते.
गोदीवर तागाच्या गासड्या उतरायच्या,
थेट नारायणगंजच्या, कधी समुद्राने भिजलेल्या,
आणि वुलीच्या हातात पत्र्याचा साचा, काजळीचा ब्रश.
डाव्या कोपऱ्यात फुली: ओली आहे, वाळत टाका.
खालच्या कोपऱ्यात: शिवण उसवली, दुरुस्तीला.
मधोमध: सडली. भट्टी.
"फुली तीच गं पोरी,
कुठे मारली ते बघायचं."

तिच्या प्रबंधात हे कुठेच नाही.
पण अठ्ठेचाळीसाव्या मण्यावर साखळी वाढली की भट्टी,
त्रेसष्टाव्यावर वाढली की
"इकडे धावा, डीएनए तुटलाय",
हे पोरांना शिकवताना
तिला काजळीचा वास येतो.
दिन आणि दीन, एका वेलांटीचा फेर;
इथे तेवढ्या फेरावर जगणं.

पेशी दुभंगायची तर सायक्लिनने वेळेवर संपायला हवं.
ते रेंगाळलं, तर सगळं अर्ध्यावर अडकतं.
आणि कधी पहारेकऱ्याच्याच पाठीवर
कुणी मधोमध फुली मारतं.
तो मुकाट भट्टीकडे निघतो.
मागे गाठ वाढते.

वुलीच्या मेंदूत उलटं झालं.
तिथला साचेवाला कामावरच आला नाही.
धूर ओकणारी जुनी इंजिनं
कुणी मोडीत काढली नाहीत,
तशीच पडली मज्जापेशींत, एकीवर एक.
डॉक्टर पार्किन्सन म्हणाले.
वुली म्हणाला, संप झाला असेल.
चहा संपल्यावरही
त्याच्या हातात कपबशी वाजत राहते.

रविवारी लॉकीचं घर आवरायचं होतं.
आई जाऊन चौदा महिने.
इशबेलने पिवळ्या चिठ्ठ्या आणल्या:
ठेवा, द्या, फेका.
तासाभराने बघते तर
फुटक्या टोस्टरवर ठेवा,
२००३ च्या टेलिफोन डिरेक्टरीवर ठेवा,
एकाच पायाच्या मोज्यावर, नीट घडी घालून, ठेवा.
फक्त आईच्या हिरव्या कोटावर
वाकड्यातिकड्या अक्षरात: द्या.
"बाबा, हा?"
"उबदार आहे. कुणाच्या तरी अंगावर असू दे."

तो झोपल्यावर
तिने चिठ्ठी सोलली, टोकाकडून, हलकेच.
पेशीतही असतात असे,
मारलेली खूण पुसत फिरणारे,
भट्टीच्या दारातून एखाद्याला मागे ओढणारे.
त्यांनीही फार पुसलं, की घर तुंबतं,
हे तिला तोंडपाठ आहे.
तिने कोट घालून पाहिला. बाह्या आखूड.
खिशात पेपरमिंटचा कागद.
कागद ठेवून घेतला, चिठ्ठी परत लावली,
मघाच्या जागी नाही,
जरा खाली, शिवणीजवळच्या कोपऱ्यात.

सकाळी वुलीने कोटाकडे पाहिलं,
चिठ्ठीकडे,
मग बराच वेळ कोपऱ्याकडे.
"दोरा आहे का गं घरात?" म्हणाला,
आणि किटली ठेवायला उठला.