डावीकडे, वरच्या कोपऱ्यात

टार्टूच्या वसतिगृहात, चौथ्या मजल्यावर,
टार्वोच्या खोलीत रात्रभर एक पंखा घुरघुरायचा.
तो कर्नल शिजवत असे,
फौजेतला नव्हे, यंत्राच्या पोटातला,
आणि मी त्याच खोक्याच्या मागच्या जाळीवर
माझे ओले लोकरी मोजे वाळत घालत असे.
बाहेर उणे अठरा. हीटर कोमट.
सकाळपर्यंत मोजे वाळत,
कर्नल बहुधा कच्चाच राही.

एकोणीस वर्षांचा होता.
जे उघडून बघता येत नाही ते आपलं नाही, म्हणायचा.
हा नियम मलाही लावू बघायचा.
एका नाताळात ह्याच मुद्द्यावर आईशी भांडला,
बापाच्या नव्या संगणकावरची
हिरवी टेकडी पुसून टाकू दे म्हणून.
तिने डुकराच्या भाजलेल्या मांसाची परात
जरा जोरातच टेबलावर ठेवली. तेवढंच.

मग फेब्रुवारीत मिर्टेल झाली.
पहाटेचे तीन. खांद्यावर बाळ,
ढेकर अजून निघत नाही,
तापाचा तक्ता डॉक्टरला छापून हवा
आणि प्रिंटर म्हणतो, मी तुम्हाला ओळखत नाही.
आधीचा टार्वो उजाडेपर्यंत भिडला असता.
ह्याने प्रिंटरकडे नुसतं बघितलं,
लग्नात न बोलावता आलेल्या काकाकडे बघतात तसं.

महिन्याभरात घरात एक रुपेरी, सपाट, महागडं यंत्र आलं.
झाकण उघडलं की चालू.
आत काय आहे, त्याने विचारलंही नाही.
मित्र म्हणाले, विकला गेलास.
"विकलो नाही रे, झोपलो," तो म्हणाला.
"सलग पाच तास."

माझं म्हणाल तर
मला कुणी विचारलं नाही.
कचेरीने दिलं ते वापरलं,
कचेरी बदलली की तेही बदललं.
माझे टप्पे वेगळ्या गोष्टींत मोजावे लागतील.

मग यंदाच्या शरदात सासऱ्यांच्या पडद्यावर
एक निळी चौकट आली:
ह्या संगणकावर पुढची आवृत्ती चालणार नाही.
एवाल्ड अठ्ठ्याहत्तरचे. सामूहिक शेतीवर ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात
हात काळे झालेले, ते अजून पुरते उजळलेले नाहीत.
त्यांनी भिंग घेऊन तीनदा वाचलं
आणि ते मनाला लावून घेतलं.
"चालतंय ना? मग टाकायचं कशाला?"
हे ते होडीच्या मोटारीबद्दल म्हणतात,
आणि डाव्या गुडघ्याबद्दल.

रविवारी आम्ही विल्यांदीला गेलो.
टार्वोच्या खिशात पेनड्राइव्ह.
मला वाटलं, आता ते पंचवीस वर्षं मुरलेलं भाषण होणार,
मोकळेपणाचं, मालकीचं.
त्याने खुर्ची ओढली आणि एवढंच विचारलं,
"पत्ते कुठे होते, बाबा?"

"डावीकडे. वरच्या कोपऱ्यात.
त्याखाली हवामान.
त्याखाली मिर्टेल."

दोन तास गेले. अक्षरं मोठी केली.
टेकडी परत आणली, तीच, हिरवी.
पत्त्यांच्या पाठीवर पूर्वी किल्ला असायचा,
तो कुठेच मिळेना,
तेव्हा ज्या हातांनी एकेकाळी कर्नल शिजवला
त्या हातांनी टार्वो बसून
एकेक ठिपका जोडत बुरूज काढत राहिला.
मी बटाटे सोलले. सासूबाई असत्या
तर परात हळू ठेवली असती, असं उगाच वाटलं.

एवाल्डनी एक डाव खेळून पाहिला. हरले.
दुसराही हरले.
"ह्याच्यासाठीच का रे त्या नाताळात आईशी भांडलास?"
"हो. बहुतेक."
"चांगलं आहे," ते म्हणाले. "पिसतं बरं."

परतताना अंधार लवकर पडला.
रस्त्याच्या कडेला बर्च नुसते उभे.
मिर्टेल मागच्या सीटवर, तोंडावर फोनचा उजेड,
अंगठा चाललेला.
टार्वोने आरशातून विचारलं,
जुनी सवय, दुसरं काय,
"तुझ्या त्या फोनमध्ये आत काय चालतं, माहितेय?"

तिने वर न बघता सांगितलं,
"माझ्या मैत्रिणी."